पाच भोकं माझ्याकडं, तीन नरसिंहपूरला

सातारा ते नरसिंहपूर हा रस्ता लोक देवदर्शनासाठी करतात. मी तो रागानं केला. तीन दिवस, एक टेम्पो आणि मागं पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं लाकडाचं एक अर्धं पातं. परत आल्यावर इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलं, की आता एकदाच लिहून ठेवतो.

माझं साताऱ्यात जुन्या लाकडाचं दुकान आहे. पाडलेल्या घरांच्या तुळया, खांब, दारं, गोठ्यांची आढी घ्यायची, घासूनपुसून विकायची. हातगाडीवर सुरुवात केली, शाळा सातवीत सुटली, पण लाकूड कुठलं हे मला वासावरून कळतं. मागच्या पावसाळ्यानंतर फलटणच्या एका दलालाकडून बारामतीकडच्या पाडलेल्या गोठ्यांचं टेम्पोभर लाकूड घेतलं. त्यात हे निघालं. सव्वातीन फूट लांब, एका टोकाला जाडजूड, दुसऱ्याकडं पातळ होत गेलेलं आणि मधे अंगाला हलकासा पीळ. वर ट्रॅक्टरचा हिरवा रंग. एका कडेला रिव्हेट मारलेली पितळी पट्टी. जाड टोक करवतीनं कापलेलं, कापलेल्या जागी मोठ्या छिद्राचा अर्धा गोल आणि त्याच्याभोवती बोल्टची पाच भोकं. भोकांच्या वर लोखंडी कड्याचा तुकडा.

काचेच्या तुकड्यानं रंग खरवडला तर आतून महोगनी. तेही अखंड नाही, सात पातळ फळ्या एकावर एक चिकटवलेल्या. गोठ्याच्या आढ्याला एवढी मेहनत कुणी घेत नाही. चार रात्री मोबाइलवर चित्रं बघितली आणि पाटी लावली : विमानाचा पंखा (अर्धा).

आठवड्याभरात पुण्याचे एक गृहस्थ दार बघायला आले. जुन्या विमानांवर व्याख्यानं देतात, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पात्याला हातही न लावता, चष्मा कपाळावर ठेवूनच म्हणाले, की हा साखर कारखान्याच्या कूलिंग टॉवरचा पंखा आहे, विमानाचं पातं कुणी अर्धं कापत नाही. आणि मग शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या सहा माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ज्याला कळत नाही त्यानं आधी विचारावं.”

टपरी हसली. माझं डोकं असं फिरलं, की त्याच हशात त्यांनी दाराचा जो भाव सांगितला त्याला मी ‘न्या’ म्हणून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या पहिल्या भावाला माल दिला. पात्याचं एक वेळ विसरलो असतो, दाराचं विसरणं शक्य नव्हतं.

पात्याच्या जाड टोकावर चार ओळी ठोकलेल्या होत्या. लाकडी पात्यावर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते, एवढं मला मोबाइलनं शिकवलं होतं : नंबर, व्यास, एका फेऱ्यात विमानाला किती पुढं न्यायचं ते अंतर, इंजिनाचं नाव आणि त्याच ओळीत फिरायची दिशा. माझ्या चारही ओळी करवतीनं मधेच कापलेल्या होत्या. सुरुवात माझ्याकडं होती. शेवट दुसऱ्या अर्ध्यावर, आणि तो असलाच तर बारामतीकडं.

पहिला दिवस : माळेगाव

पातं ताडपत्रीत गुंडाळायला हवं होतं. घाईत बायकोनं पांढरी चादर दिली आणि मी ती सुतळीनं तीन ठिकाणी बांधली. लोणंदला दोन माणसांनी टोप्या काढल्या. फलटणला एका म्हातारीनं थांबवून विचारलं, कोण गेलं. लाकूड आहे म्हटलं तर ती म्हणाली, “लाकडं येगळी न्यायची आसत्यात बाबा,” आणि मला वेड्यात काढून निघून गेली. वाटेत सांगवी लागली. तिथं एका घरापुढच्या हातपंपावर मी तोंड धुतलं, ओसरीवरच्या म्हाताऱ्याकडं तंबाखू मागितली आणि पुढं गेलो. हे लक्षात ठेवा.

गळीत हंगाम चालू होता. आमच्या डोंगरी रस्त्यांवर वळणाला भिऊन गाडी चालवतात, इथं उसाला भिऊन. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्याच्या मधोमध चालतो आणि त्याच्या मागं आपण, तोंडावर पाचट घेत. पत्ता सांगायची पद्धतही वेगळी. आमच्याकडं डोंगर दाखवतात, इथं कालव्याची चारी. तिसऱ्या चारीवरून डावीकडं, असं सांगितलं तेव्हा मी चार शेतं तुडवून पहिल्याच चारीत टेम्पोचं चाक घातलं. ते काढायला ऊसतोडीची बैलजोडी जुंपावी लागली. गाडीवान काही घेईना, उलट दोन ऊस हातात देऊन गेला. भाव करायची संधीच मिळाली नाही म्हणून मला चुकल्यासारखं झालं.

साखर कारखान्याचे पंखे कसे असतात हे साखर कारखान्यावरच्या माणसालाच विचारायचं, असा माझा बेत होता. फिटर म्हणून निवृत्त झालेले नाना फाट्यावरच्या रसवंतीत बसलेले भेटले. त्यांनी चादर सोडली, पातं मांडीवर आडवं घेतलं. मग टोकाजवळच्या पितळी पट्टीवर नख फिरवलं. तिथं सुईच्या जाडीची तीन छिद्रं होती. मी ती गंजानं पडलेली समजत होतो.

पितळ गंजत नाही, असं नाना म्हणाले. मी लाकडाचा व्यापारी, मला ते कुठून ठाऊक. पावसात पितळाखाली पाणी शिरलं तर फिरताना ते टोकाकडं फेकलं जातं, ते बाहेर पडायला ही छिद्रं. “आमचा पंखा जाग्यावर बसून फिरतोय. त्याला पितळ कशाला? ह्ये पावसात पळणाऱ्या वस्तूचं काम हाय.”

मी त्यांना रसाचा दुसरा ग्लास पाजला आणि हेच पुण्याच्या गृहस्थांना फोनवर सांगाल का म्हणून विचारलं. पण नानांचं लक्ष लोखंडी कड्याकडं गेलं होतं. कड्याचा जोड त्यांनी अंगठ्यानं चाचपला आणि खुदकन हसले. हा वेल्डिंगचा गोळा माझाच आहे, म्हणाले. नवा नवा फिटर होतो तेव्हा असाच ओघळ सोडायचो. सांगवीच्या एका पाटलानं धान्य उफणायला वाऱ्याचं मशीन केलं होतं, त्याला हे कडं मी बसवून दिलं.

“पर तवा ह्ये आख्खं हुतं की. कापलं कुणी?”

दुसरा दिवस : सांगवी

नानांनी सांगितलेलं घर शोधत गेलो तर तोच हातपंप, तीच ओसरी आणि तेच तंबाखूवाले म्हातारे. त्यांचं नाव सर्जेराव तात्या. मी टेम्पोतून उतरताच म्हणाले, “काल आलावता की. ह्यो कोण गेलाय त्येला अजून पोचवला न्हाय व्हय?”

चादर सोडल्यावर मात्र त्यांची थट्टा थांबली. त्यांनी आतून सुनेला बोलावलं आणि म्हणाले, बघ, आपलं वारं परत आलं.

तात्यांच्या वडिलांनी हे पातं पुण्याकडच्या कुठल्याशा फ्लाइंग क्लबच्या जुन्या सामानाच्या लिलावातून आणलं होतं. ऑइल इंजिनाला जोडलं आणि खळ्यावर वारा हुकमी झाला. पहिल्या दिवशी मात्र सगळा भुसा इंजिनावर बसलेल्या वडिलांच्याच तोंडावर. विमानाचं फिरणं एका दिशेचं, इंजिनाचं दुसऱ्या. मग पट्ट्याला तिढा देऊन फिरणं उलटं केलं आणि वारा सुधारला. हे तात्या भुशाची गोष्ट म्हणून सांगत होते, पण मी टिपून घेतलं. उजव्या बाजूला फिरणाऱ्या इंजिनाच्या उलट पातं फिरवावं लागत असेल, तर ते डाव्या फिरणीचं. जन्मपत्रिकेच्या चौथ्या ओळीतलं न दिसणारं एक अक्षर मला तिथंच कळलं.

पुढं वडील गेले आणि दोघा भावांची वाटणी झाली. धाकटे माणिकराव. घर भिंत घालून वाटलं, विहिरीचं पाणी चार-चार दिवसांच्या पाळीनं. पंचांनी वाऱ्यालाही पाळी सांगितली. पण सुगी दोघांची एकाच आठवड्यात, त्यामुळं आधी पाळी कुणाची यावर अडलं. शेवटी ठरलं, की समान वाटणी म्हणजे समान. दोन पाती, दोन भाऊ. गावच्या सुताराला बोलावलं तर त्यानं पात्याला नमस्कार केला आणि हत्यारं घेऊन परत गेला. मग दोघा भावांनीच लोखंडी कडं छिन्नीनं तोडलं, दोन मुठींची करवत घेतली, एक टोक ह्यानं धरलं, एक त्यानं, आणि विमानाचं पातं मधोमध कापलं.

मी विचारलं, मग त्या सुगीत उफणलं कशानं?

“सुपानं,” तात्या शांतपणे म्हणाले. “तो त्याच्या खळ्यावर हुबा, मी माज्या. दोघंबी वाऱ्याची वाट बघत.”

तेवढ्यात शिकाऊ वैमानिकांचं एक छोटं विमान घरावरून गेलं. बारामतीच्या आभाळात ती दिवसभर घोंगावत असतात आणि कुणी वर बघत नाही. तात्यांनी बघितलं. याचा पंखा धातूचा असणार, म्हणाले, हा कुणाला कापता यायचा नाही.

तात्यांच्या मुलानं गोठा पाडला तेव्हा अर्धं पातं आढ्याच्या लाकडांबरोबर दलालाकडं गेलं आणि तिथून माझ्याकडं. मी ते जळणाच्या भावात, वजनावर घेतलं, हे मी तात्यांना फुशारकीनं सांगितलं. बोलायला नको होतं. त्यांनी सुनेला भाकरी वाढायला सांगितलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं भरीत. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह करून वाढतात, इथं विचारतच नाहीत, ताट रिकामं दिसलं की भाकरी पडते. पाचव्या भाकरीला मी ताट पाठीमागं लपवलं.

दुसरं अर्धं धाकट्याकडं. तो वाटणीनंतर इथली जमीन विकून बायकोच्या गावी, नरसिंहपूरला गेला. किती वर्षांत बोलणं नाही, असं विचारल्यावर तात्यांनी सुनेकडं बघितलं. माझं लग्न व्हायच्या आधीपासून नाही, असं ती म्हणाली. तिचा मुलगा कॉलेजात आहे.

निघताना तात्या टेम्पोपर्यंत आले. “त्येनं भोकाचं काय काढलं तर ऐकू नगा,” एवढंच म्हणाले.

तिसरा दिवस : इंदापूर, नरसिंहपूर

इंदापुरात चिलापी खाल्ली. मासा चवीला चांगला, पण त्याचे काटे भाव करणाऱ्या माणसासाठी नाहीत. मी तळलेल्या तुकड्याच्या दरावरून मालकाशी बोलत असतानाच एक काटा घशात गेला. मालकानं भाताचा गोळा गिळायला लावला, काटा उतरला आणि भाताचे वेगळे पैसे लावले. त्याचं मला कौतुक वाटलं.

पुढं डाळिंबाच्या बागा, मग ऊस आणि शेवटी भीमा-नीरेचा संगम. घाटाच्या पायऱ्या, वर नरसिंहाचं देऊळ. देवळाबाहेर नारळवाल्याला माणिकराव आबांचं घर विचारलं तर तो म्हणाला, “तीन भोकांचे आबा? दर्शन घ्या आदी. त्यांच्याकडं गेल्यावर टाइम न्हाय मिळायचा.”

ते खरं होतं. आबांच्या दारात आधीच सोलापूरकडचं एक जोडपं हवालदिल चेहऱ्यानं बसलं होतं. समोर रजईवर माझ्या पात्याचा जुळा भाऊ. हिरवा रंग नाही, करडईच्या तेलानं चमकणारी महोगनी, चिंचेनं उजळलेलं पितळ. आबा त्या जोडप्याला बोट लावून मोजून दाखवत होते. एक, दोन, तीन. आख्ख्या पात्याला आठ होती. समान वाटणीत चार-चार यायला पाहिजेत. थोरल्यानं करवत तिरकी ओढली आणि चौथं भोक लाटलं. देवदर्शनाला आलेल्या, सापडेल त्या प्रत्येक माणसाला हे दाखवल्याशिवाय ते सोडत नाहीत, असं मला नंतर कळलं.

मी टेम्पोतून माझं पातं आणलं, चादर काढली आणि त्यांच्या पात्याला टेकवून ठेवलं.

कापलेली जागा जुळली. नीट जुळली, कारण तिरकस होती. मधला गोल पूर्ण झाला, भोवती आठ भोकं झाली. आबा गुडघ्यावर बसले. माझ्या बाजूची त्यांनी दोनदा मोजली. मग माझ्याकडं वर बघून हळू आवाजात म्हणाले, “पाच हायती.”

मी म्हटलं, पाच आहेत.

“लोक म्हनायचे, आबाचं डोकं फिरलंय.”

तोपर्यंत मी चार ओळींवर वाकलो होतो. नंबर पूर्ण झाला. ‘डी’ पुढं व्यास आला, ‘पी’ पुढं अंतर. इंजिनाचं नाव आलं, तेही एकावर एक दोन पंख असलेल्या शिकाऊ विमानाला बसवतात ते. आणि शेवटी ‘एल. एच.’, म्हणजे डाव्या फिरणीचं, तात्यांच्या भुशानं सांगितलं होतं तसं. मी खिशातून पातळ कागद आणि सुताराची पेन्सिल काढली. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, की ठोकलेली अक्षरं उमटतात. तेवढं झालं की पुण्याच्या गृहस्थांचं तोंड बंद.

आबांनी माझ्या कागदावर तळहात ठेवला.

ठसा पाहिजे ना, म्हणाले. घ्या. पण तुमचं पातं इथं ठेवायचं. भाऊबंदकीत हिस्सा विकायचा तर पहिला हक्क भावाचा. थोरल्यानं मला न विचारता विकला, म्हणून तो व्यवहार मला मान्य नाही. तुम्ही जे दिलंत ते परत घ्या आणि मोकळे व्हा.

मी हसलो आणि बाजारभावाचा आकडा सांगितला. मी खरं किती दिलं ते कसं काढायचं म्हणून आबांनी सुनेला हाक मारली. तिनं मोबाइलवर सांगवीची सून लावली. दोघी जावाजावांसारख्या रोज बोलतात, हे दोन्ही म्हाताऱ्यांना तोवर माहीत नव्हतं. तिकडून मिनिटाभरात उत्तर आलं : जळणाच्या भावात, वजनावर. माझी फुशारकी माझ्याआधी नरसिंहपूरला पोचली होती.

इथं माझं डोकं गेलं. मी कागद चुरगाळला, पातं उचललं आणि टेम्पोकडं निघालो. हौदाची फळी पाडायची राहिली होती हे विसरलो. पातं वर टाकलं, ते फळीवर आपटून परत आलं आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. मी खाली बसलो. आबांच्या बायकोनं अंगठ्यावर हळद दाबली आणि हातात हुलग्याच्या माडग्याची वाटी दिली. ते कढत माडगं पिताना माणसाला ओरडता येत नाही, हा त्या पदार्थाचा गुण आमच्याकडं कुणाला माहीत नाही.

पीत बसलो आणि विचार केला. आबांना भोकांचा कागद काढून देतो म्हणून बघितलं. पाचही भोकं घासून दाखवीन, म्हटलं.

“कागदाला भोकं कुनीबी पाडंल,” आबा म्हणाले.

त्यांना लाकूड पाहिजे होतं, कागदानं त्यांचं काम होत नव्हतं. मला? ठशाशिवाय माझं पातं जळण होतं. पातं गेलं तर माझ्याकडं नुसता कागद. दुकानदार म्हणून हा सौदा उघड तोट्याचा होता. पण टपरीवर हसलेले सहाही चेहरे डोळ्यांपुढं आले, आणि ते गृहस्थ कागदावर जगणारे आहेत हेही आठवलं. कागद पुन्हा सरळ केला.

मी चारही ओळींचा ठसा घेतला आणि पातं आबांच्या रजईवर ठेवलं. वजनाच्या पैशांवर चादर तुमची आणि एक पायली हुलगे माझे, एवढं मात्र वाढवून घेतलं. अगदीच तसं निघवेना.

सुनेचा फोन चालूच होता. तिनं तो वळवून पात्यावर धरला. पलीकडं तात्यांचा चेहरा आला, कपाळच जास्त दिसत होतं. आबा त्याच्याकडं न बघता म्हणाले, “मोज.”

तात्यांनी मोजलं. बराच वेळ लागला.

“करवतीचं दुसरं टोक तुज्या हातात हुतं,” ते म्हणाले. “तू ढिली सोडलीस म्हून तिरकी गेली.”

“म्या ढिली सोडली?”

मी निघालो तेव्हा त्यांचं इतक्या वर्षांचं साठलेलं चालू होतं. आबांच्या बायकोनं त्यांच्या हातात चहा दिला, तर त्यांनी एक घोट घेऊन पुढचं सुरू केलं. सोलापूरचं जोडपं अजून बसलं होतं. आता त्यांनाही निकाल ऐकायचा होता.

परत सातारा

ठशाचा फोटो पुण्याला पाठवला. तासाभरात फोन आला, दुसऱ्या दिवशी गृहस्थ स्वतः आले. या वेळी चष्मा डोळ्यांवर. कागद उजेडात धरून म्हणाले, माझी चूक झाली. मी त्यांना टपरीवर नेऊन हेच मोठ्यानं म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं. सहापैकी चौघं हजर होते. त्यातला एक म्हणाला, “कुठलं पातं?” बाकीच्यांनाही आठवेना. मी आठवण करून दिली तेव्हा ते पुन्हा हसले, पण कशाला ते मला कळलं नाही.

मग गृहस्थांनी पात्याला असा भाव देऊ केला, की माझ्या तोंडातला आकडा तोंडातच राहिला. माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. मी पायलीभर हुलगे आणि तो कागद यांच्याकडं बघितलं आणि दोन पत्ते लिहून दिले, एक सांगवीचा, एक नरसिंहपूरचा.

त्यांच्या आजवर तीन खेपा झाल्या. तात्या म्हणतात, धाकट्याला विचारा. आबा म्हणतात, आधी माझं चौथं भोक द्या. परवा दुपारी नरसिंहपूरहून गृहस्थांचा फोन आला. तात्या एसटीनं तिथं येऊन बसले आहेत, दोघं समोरासमोर आहेत आणि सकाळपासून एकही सरळ उत्तर मिळालेलं नाही. तुमची त्यांच्याशी ओळख आहे, तेव्हा मधे पडाल का, असं ते फार नम्रपणे विचारत होते. त्यांच्या मागून दोन्ही म्हाताऱ्यांचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते. करवतीचं कुठलं टोक कुणाकडं होतं, हे चाललं होतं.

मी म्हटलं, विचारतो. तुम्ही फोन तसाच चालू ठेवा, त्यांच्या जवळ धरा.

त्यांनी धरला. मी टपरीवाल्याला चहा सांगितला, खुर्ची भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या ठशाखाली ओढली आणि ऐकत बसलो.